पार्ट आला नाही

मोबाइल दुरुस्तीवाला गेला, त्यानंतर काही दिवसांनी त्याची बहीण दुकान आवरायला आली. शेजारच्या गाळ्यात पुस्तकं शिवत बसलेल्या म्हाताऱ्या बाइंडरला तिनं विचारलं, "दादा, तुम्ही इतकी वर्षं त्याच्या शेजारी. काय बोलायचा हो तो?"

बाइंडरनं सुई थांबवली आणि डोकं खाजवलं. दोन गाळ्यांत प्लायवुडची एक पातळ भिंत. तिकडे शिंक आली की इकडे दचकायला व्हायचं. तरी या माणसाला बहीण आहे हे त्याला आत्ता कळत होतं. तो राहायचा कुठे, लग्न का केलं नाही, डब्यात काय आणायचा, काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. दोघंही मुखदुर्बळ. एकानं "चहा?" म्हणायचं, दुसऱ्यानं मान हलवायची, की दिवसभराचं बोलणं झालं.

"चांगला होता," बाइंडर म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. असं काय, कुणाहीबद्दल म्हणतात. त्याला एकच गोष्ट नीट माहीत होती, आणि तीही बरीचशी भिंतीतून ऐकलेली. बहिणीला स्टुलावर बसवून त्यानं तीच सांगितली.

त्या भागातली पोरं दुरुस्तीवाल्याला पार्टकाका म्हणत. परीक्षा जवळ आली की आईबाप मुलाचा धडधाकट फोन घेऊन यायचे आणि काउंटरवर वाकून कुजबुजायचे, "परीक्षा होईपर्यंत ठेवून घ्या. विचारायला आलाच तर सांगा, पार्ट आला नाही." घरात रोज रडारड करण्यापेक्षा वाईटपणा परक्याच्या गळ्यात बांधलेला बरा! दुरुस्तीवाल्याला कुणालाच नाही म्हणता यायचं नाही. तो फोन ठेवून घ्यायचा. पैसे घ्यायचा नाही. दुरुस्ती केली कुठे होती? बॅटरी पार उतरून पडून राहिली की मरते, म्हणून खणातला एकेक फोन मात्र तो चार्ज करून चालू ठेवायचा. खोट्या कामातसुद्धा त्याला हयगय जमत नव्हती.

शाळा सुटली की पोरांची रीघ लागायची.

"काका, आला का पार्ट?"

"नाही रे, आला नाही."

"चालत येतोय का हो?"

"चालत कुठला, रांगत येतोय," दुसरा म्हणायचा.

"येईस्तोवर आम्ही म्हातारे होऊ, मग फोन आमच्या नातवांना द्या!"

भिंतीपलीकडे बाइंडर गालातल्या गालात हसायचा. त्याला आईबापांचंच पटायचं. पूर्वी पोरं फाटकी पुस्तकं शिवायला आणायची. आता पुस्तकं फाटायचीच थांबली होती. उघडतंय कोण?

त्या पोरांत शेवटच्या वर्गातली एक मुलगी होती. घरी बाप-लेक दोघंच. बाप औषधांच्या दुकानात कामाला, दुकान बंद करूनच घरी यायचा. त्यानंच तिचा फोन आणून ठेवला होता. ही मुलगी थट्टा करायची नाही. रोज यायची, विचारायची, आणि "नाही" ऐकूनही काउंटरला टेकून उभी राहायची.

"काका, एवढं बिघडलंय तरी काय त्यात?"

"आतलं... आतलं बिघडलंय."

"आतलं म्हणजे?"

"म्हणजे खूप आतलं."

इकडे बाइंडरनं कपाळाला हात लावला. अरे बाबा, खोटं बोलायचं तर जरा बरं तरी बोल!

त्याच सुमारास खणातून गुरगुर ऐकू यायला लागली. रोज, दिवेलागणीला. वाजायचं, थांबायचं, पुन्हा वाजायचं. एकदा न राहवून बाइंडरनं भिंतीवर टकटक केली. "काय हो गुरगुरतंय?"

"त्या मुलीचा फोन. 'आजी' म्हणून नाव येतंय."

"मग बंद करून ठेवा की."

"हं," तो म्हणाला. पण बंद केला नाही.

एका संध्याकाळी मात्र त्यानं तो उचलला, आणि धंद्याच्या सवयीनं स्पीकरवर टाकला.

"किती गं वेळ उचलायला!" पलीकडून म्हातारा आवाज आला.

"आजी, मी दुरुस्तीवाला बोलतोय. हा फोन बिघडलाय."

"बिघडलाय? मग आपण बोलतोय कशावर?"

दुरुस्तीवाला नुसताच खाकरला.

"माझी छकुली कुठंय? मला गोळी घ्यायची असते. कुठली, ते तिलाच माहीत. ती नसली की माझं सगळं राहतंच बघ."

"कधीपासून घेतली नाही, आजी?"

"काय घेतली नाही?" आजीनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. "आला का पार्ट?" यावर पलीकडे स्टूल सरकलं. बाइंडरची सुई आपोआप थांबली. मग खण ओढल्याचा आवाज आला.

"तुझा फोन बिघडलाच नव्हता," दुरुस्तीवाला म्हणाला. "मी खोटं बोलत होतो."

"माहितेय. तुमचे कान लाल होतात."

"मग रोज कशाला येत होतीस?"

"म्हटलं, कधीतरी कंटाळाल."

आजी, म्हणजे बापाची आई, दुसऱ्या गावी एकटीच राहत होती आणि हल्ली विसरायला लागली होती. फोन दुरुस्तीला दिलाय हे सकाळी बापाच्या फोनवरून तिला सांगितलं, तरी संध्याकाळपर्यंत ती विसरायची. मुलीनं बापाला हे सांगून पाहिलं होतं. "फोन हवाय म्हणून आजीला पुढं करू नकोस," असं तो म्हणाला होता.

"घेऊन जा घरी," दुरुस्तीवाला म्हणाला.

"नको काका. बाबा तुम्हाला बोलतील. मी इथंच बोलत जाते."

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती काउंटरशी उभं राहून फोन करायची आणि परत खणात ठेवून जायची. भिंतीअलीकडे बाइंडरला सगळं पाठ झालं. "डबी उघडलीस? पांढरी नाही गं, गुलाबी. ठेवली जिभेवर? आता पाणी पी. थांब, मला ऐकू दे... हा खोटा घोट. पुन्हा पी."

औषधांच्या दुकानात चार माणसं येतात. त्यांतलं कुणीतरी बोललंच, तुमची मुलगी रोज दुरुस्तीवाल्याच्या दुकानात फोनला चिकटलेली असते. एका संध्याकाळी बाप तरातरा चालत आला. त्याचा चेहरा पाहूनच बाइंडर बोटांची खळ न पुसता उठून बाहेर आला.

"हे काय चाललंय?" बाप ओरडला. "विश्वासानं ठेवायला दिला होता मी!" त्यानं मुलीच्या हातातून स्पीकरवर चालू असलेला फोन ओढून घेतला. "कोण बोलतंय?"

"तू मध्ये तोंड घालू नकोस रे," आजी म्हणाली. "मला आधी गोळी घेऊ दे."

बाप जागच्या जागी थिजला. पाण्याचा घोट ऐकू आला, मग समाधानाचा एक सुस्कारा. मुलगी हळूच म्हणाली, "झालं. आता ठेवला तरी चालेल."

"सकाळी मी विचारतो तेव्हा घेतली म्हणते ती," बाप म्हणाला. त्याचा आवाज पार खाली आला होता.

"बाबा, तुम्ही विचारता, म्हणून ती हो म्हणते. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

गावभराला गोळ्या समजावून देणारा तो माणूस स्टुलावर बसला. थोड्या वेळानं त्याला राग काढायला कुणीतरी हवंच होतं. तो दुरुस्तीवाल्याकडे वळला. "निदान मला कळवायचं तरी होतं तुम्ही!"

"हो, चुकलं," दुरुस्तीवाला म्हणाला. त्याचे कान या वेळी लाल नव्हते, हे बाइंडरनं नीट पाहिलं. "पण तुम्हीही पोरीला खरं सांगायचं होतं. नाही द्यायचा फोन, तर नाही म्हणा. रडेल, आदळआपट करेल. पण तुमच्यावर रागवेल, तो हक्क आहे तिचा. मी कोण मध्ये?"

इतकं लांबलचक बोलताना बाइंडरनं त्याला कधीच ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी ठरलं, फोन बापाकडेच राहील, संध्याकाळी मात्र मुलीनं त्याच्या दुकानात जाऊन त्यावरून आजीशी बोलायचं. जाताना मुलीनं वळून विचारलं, "काका, बाकीच्यांचे पण चांगलेच आहेत ना?" दुरुस्तीवाल्यानं खणाकडे पाहिलं आणि मान डोलावली.

पुढच्या आठवड्यात त्यानं एकेका आईबापाला निरोप धाडून फोन परत दिले. काय सांगायचं ते मुलांना तुम्हीच सांगा, म्हणाला. काही समजले. काहींना राग आला आणि ते कोपऱ्यावरच्या दुकानात जायला लागले. गिऱ्हाईक रोडावलं. पोरं मात्र तशीच यायची, कुणी काच फुटलेला फोन घेऊन, कुणी नुसतीच टवाळी करायला. नाव काही बदललं नाही. पार्टकाका तो पार्टकाकाच राहिला. फोन मुलांना द्यावा की नाही, हे बाइंडरला अजूनही कळलेलं नाही. पूर्वी वाटायचं तसं मात्र आता ठामपणे वाटत नाही.

बहीण पदर डोळ्यांना लावून ऐकत होती. "शेवटचं काय बोलला हो तो?"

बाइंडरला संकोच वाटला. त्यात सांगण्यासारखं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी शटर उघडणारच नाही, हे कुणाला माहीत होतं? दुपारी चष्मेवाला एक गृहस्थ मुलाचा नवाकोरा फोन ठेवा म्हणून गळ घालून गेला होता आणि उद्या पुन्हा येणार होता. संध्याकाळी दुकान बंद करता करता दुरुस्तीवाला बाइंडरच्या दारात येऊन उभा राहिला.

"दादा, तो चष्मेवाला उद्या येईल. त्याला नाही म्हणायचंय. तुम्ही सांगाल का?"

"मला तरी कुठं जमतं?" बाइंडर म्हणाला.

"मग असं करू. दोघं मिळून म्हणू."

"बरं. या लवकर."