उपासाच्या दिवशी राहिलेल्या गोळ्या

“हा क्रोन्स डिसीज आहे,” असं म्हणत डॉक्टरांनी कोलोनोस्कोपीचा रंगीत फोटो आमच्याकडे वळवला. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात व्रण दिसत होते. माझ्या नवऱ्याने, महेशने, एकच प्रश्न विचारला. “बरा कधी होणार?”

“आटोक्यात राहील,” डॉक्टर म्हणाले. “बरा होईल असं मी म्हणणार नाही.”

तोवर आम्ही याला ॲसिडिटी समजत होतो. महेश दादरच्या हिंदमाता बाजारात साड्यांच्या दुकानात सेल्समन आहे. लग्नसराईत जेवणाला वेळ मिळत नाही. पोटात उजव्या बाजूला दुखायचं, जुलाब व्हायचे, पँट कमरेला सैल होत चालली होती. आधी टीबीचा संशय होता. बायोप्सी, म्हणजे आतड्याचा कण काढून केलेली तपासणी, झाली आणि तो संशय मिटला.

क्रोन्समध्ये शरीराची प्रतिकारशक्ती आतड्यावरच उलटते आणि सूज उतरत नाही. असं का होतं, हे विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, “एकच कारण नाही. पण काही रुग्णांमध्ये ऑटोफॅजी कमी पडते.” ऑटोफॅजी म्हणजे पेशीने स्वतःचे झिजलेले भाग आणि आत शिरलेले जंतू मोडून काढणं, त्यातलं कामाचं तेवढं पुन्हा वापरणं. हे काम अडलं की जंतू रेंगाळतात आणि सूज धुमसत राहते. “पेशीतलं रिसायकलिंग समजा,” ते म्हणाले. सूज उतरवणारं स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्तीला आवर घालणारी दुसरी एक गोळी त्यांनी लिहून दिली. दोन्ही जेवणानंतर घ्यायच्या.

महेशने त्याच संध्याकाळी, लालबागच्या घरी, मोबाइलवर ‘ऑटोफॅजी’ शोधलं. पहिल्याच व्हिडिओत एक गृहस्थ सांगत होते की उपाशी राहिलं की पेशींची साफसफाई जोरात सुरू होते.

“बघलंस?” सासूबाई म्हणाल्या. त्या मूळच्या मालवणकडच्या, घरात अजून मालवणीच बोलतात. “आमचे म्हातारे काय येडे नाय होते.”

“आये, तू डॉक्टर होवक व्हयी होतंस.”

“डॉक्टर फी घेतत. माझ्या शिव्या फुकट.”

मंगळवारचा उपास घरात पूर्वीपासून होता, प्रभादेवीच्या गणपतीसाठी. महेशने त्याला गुरुवार आणि शनिवार जोडले. उपास कडकडीत, फक्त पाणी आणि कोरा चहा. कुणीच आडकाठी केली नाही. देव आणि विज्ञान एकच सांगताहेत, असं सगळ्यांनाच वाटत होतं. शिवाय दुखणंही कमी झालं होतं. रिकाम्या आतड्यात दुखायला फारसं काही सरकतच नव्हतं, हे नंतर कळलं.

एका रविवारी सकाळी त्याने आदल्या दिवसाचा उपास सोडला. दुपारपर्यंत पोट नगाऱ्यासारखं फुगलं, उलट्या थांबेनात. टॅक्सीने परळला रुग्णालयात नेलं. सीटी स्कॅनमध्ये स्ट्रिक्चर दिसलं. म्हणजे सुजेमुळे आतडं आतून अरुंद झालं होतं आणि अन्न तिथे अडलं होतं.

“गोळ्या चालू आहेत ना?” डॉक्टरांनी विचारलं.

“एकही चुकवली नाही,” महेश म्हणाला.

“वजन मग इतकं कसं उतरलं? जेवता ना?”

महेशने उपासांचं सांगितलं. डॉक्टरांनी केसपेपर पुढे ओढला. “उपासाच्या दिवशी गोळ्या कधी घेता?”

“उपासाला कशा घेणार, सर? जेवणानंतर घ्या म्हणून लिहिलंय. जेवलोच नाही, तर…”

वाक्य त्याने अर्धवट सोडलं. आठवड्यातले तीन दिवस तो औषधाविना होता आणि तरीही तो खरं बोलत होता. त्याच्या हिशेबी त्याने एकही गोळी चुकवली नव्हती.

“स्टेरॉइड असं मध्येच बंद करणं धोक्याचं असतं,” डॉक्टर म्हणाले. “उपास आणि ऑटोफॅजीवर संशोधन चालू आहे, पण तो तुमच्या आजारावरचा उपचार नाही. आता आतडं मोकळं झालं नाही तर कापावं लागेल. आणि तुमचं शरीर इतकं उपाशी आहे की टाके धरतील याची खात्री मी देऊ शकत नाही.”

आतडं मोकळं झालं नाही. काही दिवस शिरेतून पोषण दिलं आणि मग ऑपरेशन ठरलं. संमतीपत्रावर मी सही केली.

थिएटरचं दार उघडलं. “महेशचे नातेवाईक?” काढलेला भाग नातेवाइकांना दाखवायची पद्धत असते, हे मला माहीत नव्हतं. स्टीलच्या ट्रेमध्ये आतड्याचा तुकडा होता, करडा-गुलाबी आणि रबरी नळीसारखा जाड. सर्जनने चिमट्याने त्याचं तोंड उघडून दाखवलं. “यातून पेन्सिलही जाणार नाही.”

सासूबाई वाकून बघत राहिल्या. “ह्या माझ्या झिलाच्या पोटात होता?” त्यांनी विचारलं आणि त्या तिथेच बाकावर बसल्या.

टाके धरले. आजार गेलेला नाही. तो परत डोकं वर काढू शकतो, तपासण्या चालू राहतील. ज्यांच्या घरी हे निदान नुकतंच झालं असेल, त्यांनी डॉक्टरांच्या विचारण्याची वाट न पाहता त्यांना उपासांबद्दल सांगावं. आम्हाला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. उपास हा आमच्याकडे वाराचा भाग होता, आजाराच्या माहितीत तो कुठे येईल हे सुचलं नाही.

मऊ भाताची परवानगी मिळाली त्या दिवशी सासूबाई घरून डबा घेऊन आल्या. भात बोटांनी पार कालवलेला होता. महेशने डब्याकडे पाहिलं, मग आईकडे.

“आये, आज मंगळवार.”

“ठावक आसा माका. आ कर. देवाक काय सांगूचा ता मी सांगतलंय.”

त्याने तोंड उघडलं. घास अगदी लहान होते, आणि प्रत्येक घासानंतर त्या थांबून त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या.

थोड्या वेळाने सिस्टर औषधांची ट्रॉली घेऊन आल्या. “जेवण झालं का?”

“झाला,” सासूबाईंनीच उत्तर दिलं आणि गोळ्यांसाठी हात पुढे केला.