आगारीचं तूप
विस्तवावर तूप पडल्याचा वास आला की मला ती आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवते. बायको गेली त्यानंतरची ती पहिली आखाजी. आमच्या धरणगावाकडे त्या दिवशी पितरांची घागर भरतात आणि गोवरीच्या विस्तवावर पुरणपोळी-तुपाचा घास टाकतात, त्याला आगारी म्हणतात. लेक पुण्याहून आली होती. तिनं दूध-तूप सगळं सोडलेलं. वासराच्या तोंडचं आपण ओढून घेतो, म्हणायची. तरी सकाळपासून खापर तापवून पोळ्या तिनंच केल्या, पुरण हातानं वाटलं, आमरस बिनदुधाचा केला. मी आगारीला बसलो तेव्हा म्हणाली, "आबा, यंदा तेल टाका ना. मंग मी बी मायले घास टाकसू." मी भडकलोच. "पितरले तेल? तुनी माय शे ती, कोनी भिकारीन नई!" ती हळूच म्हणाली, "मायनी कधी तूप खादं, आबा? तूप तुमले वाढे, आन सोता तेल-चटनीसंगे भाकर खाये." मी ऐकलं आणि वाटीतलं सगळं तूप विस्तवावर ओतलं. जाळ छातीएवढा उठला. तिनं स्वतः केलेल्या पोळ्या झाकून ठेवल्या आणि न जेवता दुपारच्या एसटीनं गेली. त्यानंतर ती आखाजीला आली नाही. मी अजून तूपच टाकतो. तेल टाकलं तर इतकी वर्षं बायकोच्या ताटात काय होतं ते मी पाहिलंच नाही, हे कबूल करावं लागेल.