मिरजोळ्याचे महाराज आणि मी

आंबा घाट उतरताना एसटीतल्या सगळ्यांचे कान दडतात. माझेही दडले, आणि सवयीने शेजारी वळून मी म्हणाले, "आवंढा गिळा." शेजारी कोणीच नव्हतं. पलीकडच्या बाकावरच्या बाईंनी मात्र इमानेइतबारे आवंढा गिळला आणि त्या माझ्याकडे बघून हसल्या. ह्यांना जाऊन दीडेक वर्ष झालं होतं. सांगली सोडून एकटीने केलेला हा माझा पहिलाच प्रवास.

रत्नागिरीच्या स्टँडवर चहा घेतला आणि गणपतीपुळ्याकडे जाणारी गाडी पकडली. आरे-वारेच्या चढावर एकदम समुद्र उघडतो. दोन्ही बाजूंना वाळूचे दोन किनारे आणि मधे समुद्रात घुसलेली डोंगराची सोंड. गाडीतली जोडपी मोबाइल काढून खिडक्यांकडे झुकली. मीही पाहिलं, पण "अहो, बघा तरी" म्हणायला माणूस नसलं की दिसणारी गोष्ट निम्मीच दिसते. पुढच्या फाट्यावर मी उतरले.

राहायची सोय वरच्या वाडीत होती, सड्याच्या (जांभ्या दगडाच्या उघड्या पठाराच्या) कडेला. भात कापून झालं होतं आणि अंगणात पेंढ्याचा वास होता. घरात दोनच बायका. शेवंताबाई साठीच्या, आणि सून प्रज्ञा तिशी ओलांडलेली. मागच्या दोन खोल्या त्या पर्यटकांना देतात.

"एकट्याच?" शेवंताबाईंनी विचारलं.

"एकटीच."

"मंग खोलीत ताट नाय देणार. आमच्याबरोबर बसा जेवायला."

तांदळाची भाकरी, बांगड्याचं कालवण आणि कोकमाचं सार. मी कितीतरी दिवसांनी दुसऱ्यांदा भात घेतला. समोरच्या भिंतीवर बुद्धांची तसबीर होती आणि तिच्या शेजारी एका तरुणाचा फोटो, हार नसलेला.

"माझा संदीप," शेवंताबाई म्हणाल्या. "मुंबयला हाय कामाला. येणार हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांना रत्नागिरीत बाजार करायचा होता. मीही बरोबर निघाले. एसटीत त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "बाई, बाजार नंतर. आधी मिरजोळ्याला महाराजांकडे जायचाय, संदीपचा विचारायला. आमच्यात बुवा-बाबा चालत नाय. विहारात कोणाला कळला तं माझी धडगत नाय."

मला हसू आलं, ते अशासाठी की भोंदूंना उघडं पाडणं हाच ह्यांचा आयुष्यभराचा उद्योग. नोकरी सांभाळून गावोगाव कार्यक्रम करायचे. स्टेजवरून एखाद्या अनोळखी माणसाला त्याचं सगळं आयुष्य सांगायचे, आणि टाळ्या पडल्या की ते कसं केलं हे उलगडून दाखवायचे. पहिल्या रांगेत बसून बसून मला सगळं पाठ झालं होतं. आधी माणूस न्याहाळायचा. मग दहातल्या नऊ जणांना लागू पडेल असं काहीतरी मोघम बोलायचं. उरलेलं तो माणूस स्वतःच सांगतो. तेच थोड्या वेळाने गंभीर चेहरा करून त्याला परत द्यायचं. चुकलंच तर म्हणायचं, "आठवून बघा."

मिरजोळ्यात कारखान्यांच्या मागच्या रस्त्याला एका बंद गॅरेजच्या वरची खोली. महाराज चाळिशीतले, स्वच्छ कपड्यांतले, आवाज अगदी मऊ. शेवंताबाईंसमोर त्यांनी डोळे मिटले.

"पाणी दिसतंय."

रत्नागिरीत बसून पाणी दिसतंय! दुसरं काय दिसणार, बर्फ?

"होय महाराज, मागच्या खेपेला पण पाणीच दिसला होता," शेवंताबाई हात जोडून म्हणाल्या.

"तो जिवंत आहे. घराची ओढ आहे, पण कुणीतरी अडवतंय. घरातली त्याची एखादी वस्तू जागची हलली आहे का?"

"टरंक! सुनेनं झाडताना सरकवली."

"ती ट्रंक," महाराज म्हणाले. "ती होती तिथे ठेवा. येईल."

मी आतल्या आत ह्यांच्यासारखीच टिपणं काढत होते. इतक्यात महाराज माझ्याकडे वळले. मोकळं कपाळ आणि मनगटावरचं पुरुषी घड्याळ त्यांनी पाहिलं, आणि ते पाहताना मी त्यांना पाहिलं.

"तुमच्याबरोबर कुणीतरी आलंय. पुरुष आहे. शेवटी श्वासाचा त्रास झाला ना?"

शेवटी श्वासाचा त्रास कुणाला होत नाही? हे मला ठाऊक होतं. तरी माझी मान होय म्हणून हलली, आणि पायऱ्या उतरेपर्यंत माझे डोळे भरलेले होते. स्वतःचा इतका राग मला बऱ्याच दिवसांत आला नव्हता.

तो राग घरी येऊन निघाला. शेजारच्या सुमनताई अंगणात गप्पांना आल्या होत्या. आम्ही एकमेकींना कधी पाहिलेलं नव्हतं. मी शेवंताबाईंना म्हटलं, "हे महाराज लोक करतात ते मीही करून दाखवते. बघा हं." आणि सुमनताईंकडे रोखून बघत सुरू केलं. "तुमच्या घरातलं एक माणूस मुंबईत आहे. त्याची काळजी वाटते, पण बोलून दाखवत नाही. भावकीत जमिनीवरून बोलणं बंद आहे. आणि एक गोष्ट मनात आहे, नवऱ्यालासुद्धा सांगितलेली नाही."

सुमनताईंनी पदर तोंडाला लावला. "आगो बाय! हिला कोणी सांगला?"

"कोणीच नाही," मी विजयी मुद्रेने म्हणाले. "इथं कुठल्या घरातलं माणूस मुंबईत नाही? कुठल्या भावकीत भांडण नाही? ही सगळी युक्ती आहे. सगळे महाराज हेच करतात."

शेवंताबाई माझ्याजवळ सरकल्या. मग हलकेच म्हणाल्या, "बाई, तुम्हाला दिसता. तुम्ही लपवताय."

मी शपथा घेतल्या, पुन्हा समजावलं. जितकं समजावलं तितकी त्यांची खात्री पटत गेली. खरा जाणकार मिरवत नाही म्हणे. ह्यांच्या कार्यक्रमानंतरही एखादी म्हातारी पाया पडायला यायची, तेव्हा मी खो खो हसायचे. आता माझीच फजिती झाली होती. सकाळी उठून बघते तो पायरीवर तीन बायका बसलेल्या. त्यांना चहा पाजून वाटेला लावता लावता नाकी नऊ आले.

तिथून सुटका म्हणून मी सड्यावर फिरायला निघाले. पिवळं पडलेलं गवत, काळा कातळ आणि खाली लांबवर समुद्र. प्रज्ञा मागून आली.

"बाई, वायच (थोडं) बोलायचं होतं."

आम्ही कातळावर बसलो. संदीप सहा-सात वर्षांपूर्वी मुंबईला कामावर गेला तो गेलाच. फोन बंद. पोलिसांत तक्रार झाली, ओळखीच्यांनी सगळीकडे शोधलं. बेपत्ता माणसाची कायद्याने वाट बघायची सात वर्षंही आता सरत आली होती. आणि तिकडे अलोरे गावच्या कॉलनीतल्या दुकानात काम करणाऱ्या एका विधुराने प्रज्ञाला मागणी घातली होती. त्याला एक लहान मुलगी आहे. प्रज्ञा तिला दोनदा भेटली होती.

"वाडीत कोणाची ना नाय. विहारातली माणसं पण म्हणतात, कर म्हणून. पण आई म्हणतात, तो आला आणि तू नसलीस तं त्याला काय सांगू? त्यांना दुखवून मी नाय जायची. तो माणूस तरी किती थांबेल?"

"मग मी काय करू?"

"तुमचं ऐकतील त्या. सांगा, तो नाय म्हणून."

"मला खरंच काही दिसत नाही गं."

"माहीत हाय मला," प्रज्ञा म्हणाली. "त्या महाराजाला तरी कुठं दिसतं? त्याच्या खोट्यावर माझी इतकी वर्षं गेली. तुमच्या एका खोट्यानं मी सुटेन."

मी तिला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. उद्या संदीप खरोखरच दारात येऊन उभा राहिला तर? जिवंत पोराला त्याच्या आईसमोर मारायचा मला काय अधिकार? आणि काही न बोलता सांगलीला निघून गेले, तर ही मुलगी ट्रंक जागच्या जागी ठेवत म्हातारी होणार. ह्यांना विचारायला हवं होतं. ते असते तर भांडून का होईना, काहीतरी ठरलं असतं.

निघायच्या दिवशी शेवंताबाई समोर येऊन बसल्या. "जाताना तेवढा सांगून जा. माझा पोरगा येणार काय?"

मी डोळे मिटले नाहीत. ते मला जमलं नसतं. "त्याला आता भूक नाही, तहान नाही," मी म्हणाले, आणि गप्प बसले. ह्यांचा धडाच होता: आपण गप्प बसलं की उरलेलं समोरचं माणूस बोलतं.

"त्रास झाला असंल काय त्याला?"

"नाही."

"पाण्यात गेला?"

मी होकारार्थी मान हलवली. शेवंताबाई रडल्या नाहीत. गुडघ्यावरचं लुगडं हाताने सारखं करत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि प्रज्ञीला? तिला काय म्हणतो?"

"जा म्हणतो."

त्या उठल्या, भिंतीवरचा फोटो काढून पदराने पुसला, आणि आत हाक मारली, "प्रज्ञे, अलोऱ्याला फोन लाव गो." मला त्या घरात आणखी एक घोटही पाणी पिववेना. मी बॅग उचलून फाट्यावर जाऊन उभी राहिले.

प्रज्ञाचं लग्न विहारात साधेपणाने झालं. तिने फोटो पाठवले. ती छोटी मुलगी तिच्या मांडीवर बसली आहे. शेवंताबाई मिरजोळ्याला जायच्या थांबल्या. मी जिंकले, असं ह्यांनी म्हटलं असतं का कोण जाणे.

कारण शेवंताबाई आता मला फोन करतात, दर रविवारी. घरात त्या एकट्या, इकडे मी एकटी. आधी भात, पाऊस, गुडघे. मग आवाज खाली येतो. "बाई, आज काय म्हणतो माझा पोर?"

पहिल्या खेपेला मी ठरवलं होतं की खरं सांगून टाकायचं. पण म्हणून बसले, "प्रज्ञाकडे चार दिवस जाऊन ये म्हणतो." त्या खरंच अलोऱ्याला जाऊन आल्या. पुढच्या रविवारी सांगितलं, "गुडघे डॉक्टरला दाखव म्हणतो." तेही त्यांनी केलं. सगळी सांगणी माझीच, नाव तेवढं त्याचं. मिरजोळ्याचे महाराज भेटले तर आता मी त्यांच्याकडे कुठल्या तोंडाने बघू?

ह्यांनी मला पहिल्या रांगेतून उठवून स्टेजवर उभं केलं असतं आणि सगळ्यांसमोर उघडं पाडलं असतं. पुढच्या रविवारी सांगायचंच, असं मी दर सोमवारी ठरवते. पण इतर दिवशी माझा फोन वाजत नाही, आणि रविवारी मी घराबाहेर पडत नाही.