नक्कलवाल्या मॅडम

गोंदियात कॉम्प्युटर शिकवणारे सगळे "नक्कल करू नका" म्हणायचे. आमच्या मॅडम मात्र उठता-बसता दरडावायच्या, "पहिले नक्कल घे, मंग अक्कल लाव." फुलचूरच्या आमच्या गल्लीत त्यांना नक्कलवाल्या मॅडम म्हणूनच ओळखत. खरं नाव कुरिअरवाल्यालाही ठाऊक नव्हतं.

केशोरीच्या शेतकरी घरातली ही बाई पुण्यातली नोकरी सोडून परत आली आणि एका घराच्या माडीवर तिनं प्रोग्राम लिहून देण्याचं ऑफिस थाटलं. माणसं दोनच. त्या आणि मी. प्रोग्राममध्ये माहिती दोन तऱ्हेनं ठेवता येते, डिक्शनरीत किंवा ॲरेत; ते शिकवायच्या त्यासुद्धा रागावल्यासारख्या. "डिक्शनरी म्हणजे बाजार. नाव घेतलं की माल हाती लागते, पण लोक सारखे येऊन-जाऊन राहतात. त्या गर्दीत उभी राहून मोजशील तर चुकशीलच. ॲरे म्हणजे ओळीनं मांडलेले डबे. माल डब्यात उतरव अन् मंग शांतपणे मोज." डबे कमी पडले तर प्रोग्राम तिथंच कोसळतो, म्हणून मी डब्यांचा आकडा अंदाजानं लिहिला की ओरडायच्या, "कायले मनानं टाकून राहिली? किती आहेत ते डिक्शनरीलेच विचार!"

भाताची रोपं लावायच्या, म्हणजे रोवणीच्या दिवसांत एका सेवाभावी मंडळाचा प्रोग्राम आमच्याकडे दुरुस्तीला आला होता. कोणत्या आरोग्य केंद्रात सर्पदंशावरच्या लशीच्या किती कुप्या शिल्लक आहेत, ते तो रुग्णवाहिकांना दाखवायचा. लिहिला होता दुसऱ्याच कोणी. आम्ही तो नुसता उघडून बसलो होतो, तेवढ्यात मंडळाकडून आमचा नंबर घेऊन एका रुग्णवाहिकेच्या चालकाचा फोन आला.

"मॅडम, गाडीत केशोरीकडची बाई आहे. धानाचे पऱ्हे उपटताना हाताले साप चावला. पापण्या मिटून राहिल्या तिच्या. स्क्रीन बंद पडली, कुठं नेऊ?"

मी प्रोग्राम पुन्हा सुरू केला. पुन्हा तीच लाल ओळ आली : मोजणी चालू असताना डिक्शनरी बदलली. रोवणीत दंश वाढतात. त्या घडीला केंद्राकेंद्रांतून साठ्याचे नवे आकडे भरले जात होते आणि प्रोग्राम त्याच डिक्शनरीत फिरत होता.

"अजून एकदा करून पाहू?"

"नाही. सरक."

आधी त्यांनी चालकाला सांगितलं, "भाऊ, गाडी थांबवू नका. लाइन चालू ठेवा." मग लिहायला घेतलं. नक्कल होईपर्यंत क्षणभर डिक्शनरीचं दार बंद, म्हणजे कोणी काही भरू शकणार नाही. आत किती नोंदी आहेत ते तिलाच विचारायचं, तेवढा ॲरे करायचा, सगळं त्यात उतरवायचं आणि दार उघडायचं. फिरायचं ते फक्त ॲरेवर. मॅडमचं बोट एकदा चुकीच्या कळीवर पडलं. त्यांनी ते खोडलं, श्वास घेतला आणि पुढे गेल्या.

स्क्रीन उजळली. सगळ्यात जवळच्या केंद्रापुढे दहा कुप्या दिसत होत्या. मी फोनकडे झेपावले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"काऊन घाई करून राहिली? ही नक्कल आहे. घेतली तवाच जुनी झाली. केंद्रात विचार."

मी दुसऱ्या फोनवरून केंद्राला विचारलं. तिकडच्या सिस्टर म्हणाल्या, "आत्ताच एका मुलाला दिली हो. संपली."

मॅडमनी यादीतल्या पुढच्या केंद्राचा नंबर स्वतः लावला. "आहे," उत्तर आलं, "काढून ठेवते. लवकर आणा."

"भाऊ, जवळच्या केंद्रावर थांबू नका, तिथली लस संपली! सीधा पुढच्या केंद्रावर!" त्या चालकाला ओरडून म्हणाल्या. "बाईले हाक मारत राहा, झोपू देऊ नका." मग रेंज गेली. मॅडम चष्मा पुसत होत्या, पुन्हा पुन्हा. शेवटी फोन वाजला. लस सुरू झाली होती, श्वास चालू होता. मॅडम उठल्या, मोरीत गेल्या आणि नळ बराच वेळ वाहत राहिला.

पुढच्या वर्षी मॅडमना नागपूरच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. ऑफिस मी सांभाळत होते. एका सकाळी एक बाई पत्ता विचारत माडी चढून आली. मॅडम कुठं आहेत ते कळल्यावर ती खाली मान घालून उभी राहिली. मी व्हिडिओ कॉल लावून दिला.

तिनं साप चावलेला हात कॅमेऱ्यासमोर धरला आणि बोटं मिटून उघडून दाखवली. "पाहा मॅडम, चालून राहिला."

मॅडम उशीवरून बघत राहिल्या. आवाज पार बसला होता. "औंदा रोवणीले गेली होती?"

"गेली ना! मंग कोण जाईल?"

मॅडम हसल्या. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच, आणि तेच शेवटचं.