एकशे चौदा क्रमांकाचा शिपाई

निवृत्त होऊन पुष्कळ वर्षे लोटली. आता न्यूझीलंडमधील फ्लॅट बुश या उपनगरात मुलीच्या घरी स्नान, संध्या आणि थोडे वाचन एवढाच दिनक्रम उरला आहे. तरीही टौरंगा शहरातील ती दुपार मनातून जात नाही.

न्यूझीलंडमध्ये येण्यापूर्वी मी इंग्लंडमधील एका काउंटीच्या पोलीस दलात बारा वर्षे नोकरी केली. त्या दलाचा इतिहास थोडा सांगावा लागेल, कारण प्रकरणाचे मूळ त्यातच होते. पूर्वी तेथे शहराचे दल वेगळे आणि भोवतालच्या खेड्यापाड्यांचे, म्हणजे काउंटीचे, वेगळे होते, मध्ये नदी. पुढे सरकारने दोन्ही दले एक केली. एकच प्रमुख, एकच गणवेश आणि सर्वांना नवे बक्कल नंबर. विलीनीकरण आदेशात झाले. माणसे मात्र आपापल्या काठावरच राहिली. मी त्यानंतर काउंटीकडील ठाण्यात भरती झालो. शहरवाले आम्हाला गुराखी म्हणत.

विलीनीकरणानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात शहरातील एक विस्मरणाने ग्रस्त वृद्धा घरातून निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी नदीपलीकडे थंडीने मृत्यू पावलेली आढळली. ती पूल ओलांडताना दिसल्याची खबर आदल्या संध्याकाळीच शहरातील ठाण्यात आली होती. मूळ स्टेशन डायरी गहाळ झाली होती. टंकलिखित प्रतीत नोंद होती आणि तिच्याखाली शिपाई क्रमांक ११४. पलीकडच्या ठाण्याला मात्र कोणीही कळवले नव्हते. नव्या यादीत ११४ हा क्रमांक काउंटीतून त्या ठाण्यात बदलून आलेल्या एका तरुण शिपायाचा होता. नोंद आपली नव्हे, असे तो शेवटपर्यंत सांगत राहिला. त्याला बडतर्फ करण्यात आले.

सुमारे तीस वर्षांनी, तो अंथरुणाला खिळलेला असताना, त्या ठाण्यातील निवृत्त टंकलेखिकेने त्याच्या मुलीला पत्र लिहिले: शहरवाले कित्येक महिने जुनेच नंबर लिहीत असत, जुना ११४ कोण, ते शोधा. मुलीने पुनर्तपासणीचा अर्ज केला. जुना ११४ टौरंग्याजवळ मुलाच्या किवीफळांच्या बागेत राहत असल्याचे निघाले. त्या वेळी मी टौरंग्यात डिटेक्टिव्ह सार्जंट होतो आणि त्या दलाची रीत जाणणारा तेथे दुसरा कोणी नव्हता. जबाब घेण्याचे काम माझ्याकडे आले.

म्हातारा पायांत जँडल्स, म्हणजे रबरी सपाता, घालून ओसरीवर बसला होता. त्याला त्याचे अधिकार वाचून दाखवले. पहिला तास त्याने आठवत नाही म्हणून काढला. मी काउंटीचा, हे कळल्यावर दुसरा तास त्याने आमची टवाळी केली: गाई वळण्याखेरीज काउंटीवाल्यांनी कधी काय केले? मी वाद घातला नाही. संशयिताला दरडावण्यापेक्षा त्याच्या अभिमानाची वास्तपुस्त करावी, हे मी ठाण्यात शिकलो होतो. त्याच्या जुन्या दलाविषयी मी आदराने विचारत राहिलो. मग म्हणालो, "विलीनीकरणाच्या दिवसापासून तुम्ही नवे नंबर लावले असतील."

"कोण म्हणतं?" तो ताठ बसला. "आमचे जुने साहेब निवृत्त होईपर्यंत तुमचा नवा नंबर एकानंही लिहिला नाही. तो हिवाळाभर मी एकशे चौदाच होतो."

काय बोलून गेलो, ते त्याच्या लक्षात आले. मी लिहीत राहिलो.

"एक फोन करायचा होता, सार्जंट," तो म्हणाला. "पलीकडे तुमची माणसं. म्हटलं, सकाळच्या पाळीतले कळवतील."

"आणि त्या पोराला काढलं तेव्हा?"

"तो काउंटीचा होता."

एवढेच त्याचे समर्थन होते. त्याने सही केली तेव्हा मला जिंकल्यासारखे काहीही वाटले नाही. फक्त थकवा आला. तो दुष्ट नव्हता. गप्प राहण्यासाठी त्याला दुष्ट असण्याची गरजही पडली नव्हती. आपली माणसे आणि त्यांची माणसे एवढा भेद त्याला पुरला.

बडतर्फी रद्द झाल्यावर मी इंग्लंडला त्या शिपायाला फोन केला. आवाज क्षीण होता. त्याने एकच विचारले, "त्यानं आपणहून सांगितलं का?"

मी नित्य पूजेत सत्याची याचना करणारा माणूस.

"हो, आपणहून," मी म्हणालो.

"मग ठीक आहे," तो म्हणाला.

जबाबात मी घडले तसेच लिहिले होते. तो वाचण्याइतके दिवस त्याला लाभले नाहीत. माझ्या त्या उत्तराचे प्रायश्चित्त मी अद्याप घेतलेले नाही, आणि ते घ्यावे असे मनातही येत नाही.