डब्यातलं क्रीम

केकचं सामान विकणारे आमच्या पेठेतले काका तयार क्रीमचा डबा देताना प्रत्येकाला बजावतात, "असंच लावू नका, लई गोड हाय. चिमूटभर मीठ तरी घाला." आपल्याच मालाला नावं ठेवणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही.

आईच्या पंचाहत्तरीला मी घरी केक भाजला होता. आजारपणापासून तिला कशाचीच चव लागत नव्हती. डबा घेताना मी ते बोलून गेले.

"त्यांना आवडायचं काय?" काकांनी विचारलं.

"आम्रखंड."

काका उठले आणि शेजारच्या डेअरीतून घट्ट चक्का घेऊन आले. गिऱ्हाइकं थांबलेली असताना त्यांनी माझा डबा फोडला, त्यात चक्का, थोडा आमरस आणि वेलदोड्याची पूड घालून फेटायला बसले. मधूनमधून हातावर थेंब घेऊन चाखायचे आणि मान हलवायचे. "अजून न्हाय." बऱ्याच वेळानं म्हणाले, "आता जमलं."

संध्याकाळी आईनं एक तुकडा संपवला आणि ताटली पुढं केली. "अजून दे," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी हे सांगितलं, तेव्हा काका आत गेले आणि काकूंना बाहेर घेऊन आले.

"आता परत सांगा की," ते मला म्हणाले.