मामाचा डोकं नसलेला डायनासोर

आयुष्यभर डोकं डुलवणाऱ्या बाहुल्या केल्या माझ्या मामानं.
आणि शेवटचं काम डोक्याशिवाय सोडून गेला.

आज वर्ष झालं.

मी कधी पोस्ट टाकत नाही. मामासाठी टाकते.

स्कूल सोडल्यापासनं मी त्याच्याकडंच कामाला. कागदाचा लगदा, चिंचोक्याची खळ, पेंट. तिथं कोणी बोलायला लावत नव्हतं.

एकदा कॉलेजच्या जिऑलॉजी मॅडम आल्या. अरियलूर गावाकडं डायनासोरची थोडी हाडं सापडलेली. मांडीचं एक, काही मणके, फासळ्यांचे तुकडे. त्यांचे साचे दिले.
"प्रदर्शनाच्या हॉलमध्ये पूर्ण डायनासोर उभा करायचाय."

मामानं साच्यातनं पहिलं हाड काढलं. घासून घासून बाहुलीच्या गालासारखं गुळगुळीत केलं.

मॅडम ओरडल्याच. "अय्यो! इथला उंचवटा कुठं गेला? तिथं मसल धरलेला असतो. त्यावरनंच कळतं पाय कसा ठेवत होता!"

मामा हसला. "बाहुलीला असा फोड राहिला तर गिऱ्हाईक परत आणून देतं, मॅडम."

ते हाड मोडलं. परत नव्यानं केलं. उंचवट्यासकट.

मग ठरलं. सापडलेलं ते ब्राऊन, अंदाजाचं ते पांढरं. डावी मांडी नव्हती, उजवीवरनं उलटी केली. ती पण पांढरी.

डोकं सापडलंच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, याच्या भाऊबंदांची डोकी सगळी वेगवेगळी, कुठलं लावणार?

मामानं डोक्याच्या जागी नुसती तार वाकवून लावली. आत रिकामी.

"मामा, लोक हसतील."
लाडानं म्हणाला, "हसू दे, कण्णा. माहीत नाही ते माहीत नाही."

ओपनिंगच्या आधीच मामा गेला.

हॉलच्या ऑफिसातले सर घरी आले. "फोटोत बरं दिसत नाही. तू कर ना एक डोकं. तुला येतं की!"

येतं मला. मामानंच शिकवलंय.

आई म्हणाली, "सर विचारतायत, तोंड उघड गं!"

पाहुणे आले की मी किचनमध्ये पळते, तुम्हाला माहितेय.

त्या दिवशी नाही पळाले.
"नको सर. सापडलं नाही ते. मामाच्या कामाला खोटं डोकं मी लावणार नाही."

सरांनी मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "ती बोलते ते बरोबर."

काल बघायला गेले होते. एक छोटी पोरगी तारेकडं बोट करून तिच्या अप्पांना विचारत होती, डोकं कुठं गेलं?



मीच पुढं झाले. "अजून मातीत आहे. तू मोठी होऊन शोध. मी करून लावते."

मामा, तार रिकामीच आहे.
तुझी जागा पण.

नमस्कार करते.